मगदूमांची एकट्याची फेरी

आमच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेत कोणते विमान कोणाला किती वाजता द्यायचे, इंधन किती भरायचे, कोणाचे प्रमाणपत्र कधी संपते, हे सगळे पाहणे माझे काम. वेळापत्रक मी आदल्या संध्याकाळी तयार करून फळ्यावर लावतो. शांतिनाथ मगदूम सकाळी यायचे आणि ते मोडायचे. वर्षभर हा परिपाठ चालला. मोडायचे म्हणजे मुद्दाम नव्हे. मुद्दाम मोडले असते तर मला भांडता तरी आले असते.

मगदूमांची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री. पंपांचे आणि ट्रॅक्टरचे ओतीव भाग करण्यात त्यांचे आयुष्य गेले. चोपन्नाव्या वर्षी कारखाना चिराग या मुलाच्या ताब्यात दिला आणि उजळाईवाडीच्या विमानतळावर आमच्या दारात येऊन उभे राहिले. मी वय विचारले, तर म्हणाले, "वयाचं सोडा, गणपतराव. जन्मभर दुसऱ्याच्या इंजिनाचं भाग वतलं. आता येक इंजिन माझ्या हातानं वर न्यायचं हाय. एकट्यानं. शेजारी कुणी नको."

एकट्यानं, हा शब्द त्यांनी पहिल्या दिवशीच वापरला. शिकाऊ वैमानिक आधी शिक्षकाला शेजारी बसवून उडतो. शिक्षकाची खात्री पटली की एक दिवस शिक्षक खाली उतरतो आणि शिकाऊ एकटा धावपट्टीवरून उठून, गोल फेरी मारून परत उतरतो. मगदूमांना परवाना, हुद्दा, फोटो यातले काही नको होते. ती एक फेरी हवी होती.

आणि ती लांबत चालली होती. याचे मुख्य कारण त्यांची उड्डाणापूर्वीची तपासणी.

ही तपासणी प्रत्येकालाच करावी लागते. विमानाभोवती एक फेरी मारायची, बिजागऱ्या हलवून पाहायच्या, टायर पाहायचे, तेल पाहायचे, पंखाखालच्या नळीतून थोडे इंधन काचेच्या नळकांड्यात काढून त्यात पाणी नाही ना ते उजेडात धरून पाहायचे. इतर मुले चेकलिस्ट हातात धरून हे काम चहा निवायच्या आत उरकतात. मगदूम आधी मऊ कुंचल्याने बसायची जागा झाडून घेत, एखादी मुंगी अंगाखाली चिरडू नये म्हणून. मग बोटांच्या पेरांनी विमान ठोकायला लागत. पंखाचा दांडा ठोक, प्रोपेलर ठोक, इंजिनावरचे झाकण ठोक. ठोकायचे, कान लावायचा, मान हलवायची, पुढे सरकायचे.

"काका, हे काय चाललंय?" त्यांच्या प्रशिक्षिका कॅप्टन तेजस्वी पहिल्याच आठवड्यात वैतागल्या होत्या. त्या मूळच्या नाशिकच्या, मगदूमांच्या मुलीच्या वयाच्या.

"भेग असली की आवाज बद्द येतोय, मॅडम. ओतकामात आमी असंच बघतो."

"हे ओतकाम नाही, पत्रा आहे."

"पत्रा बी बोलतोय की."

तेवढ्यात पुढच्या विद्यार्थ्याची वेळ होई, आणि मी फळ्यावरचे आकडे पुसून नवे लिहीत बसे.

दुसरा त्रास जोंधळ्यांचा. मगदूमांचे घर जैन. पक्ष्यांना दाणे टाकल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, ही त्यांच्या घरातली रीत. रीत उत्तम आहे, पण ती घरी पाळावी. मगदूम सकाळी सहाला विमानतळावर पोहोचत आणि न्याहारी इथेच करत, म्हणून दाणेही इथेच. हँगरच्या मागच्या भिंतीशी ते मूठभर जोंधळे टाकत. विमानतळावर पक्षी गोळा करणे म्हणजे काय, हे कोणालाही कळेल. मी तोंडी सांगितले. मग ठळक अक्षरांत पाटी लावली : 'या परिसरात पक्ष्यांना दाणे किंवा खाद्यपदार्थ टाकू नयेत.' दुसऱ्या दिवशी पाटीखालीच जोंधळे.

"मगदूम, पाटी वाचली का?"

"वाचली की. ब्येस केलं. कोन बी येतंय, खरकटं टाकतंय, भेळ टाकतंय. आवराय पायजेच हुतं."

"आणि तुमचे जोंधळे?"

"त्ये खरकटं न्हवं, गणपतराव. निवडल्यालं हाय त्ये."

त्यानंतर मी फाटकावर त्यांची पिशवी तपासायला सांगितली. मगदूम पँटच्या खिशातून आणू लागले.

मे महिन्याच्या अखेरीस गोष्ट निकरावर आली. त्यांच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत संपत होती. ते नसेल तर एकट्याने उडता येत नाही. आणि डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाचा आलेख पाहून आधीच सांगून ठेवले होते की या वेळी चालवून घेतले, पुढच्या वेळचे काही सांगता येत नाही. मगदूमांनी हे घरी सांगितले नव्हते, मला सांगितले होते. शेवटच्या दिवशी सकाळी मी त्यांना पहिली वेळ दिली. कारण मे महिन्यात आमच्याकडे सकाळी नऊनंतर वारा उठतो, तो धावपट्टीला आडवा फिरतो, आणि एका मर्यादेपलीकडे आडवा वारा असला तर शिकाऊ माणसाला एकटे सोडत नाहीत. विमानही एकच होते, दोन आसनांचे. दुसरे सर्व्हिसिंगसाठी उघडून पडले होते. हे दोन आसनांचेही रेडिओच्या एका भागासाठी बरेच दिवस हँगरच्या मागच्या बाजूला उभे होते आणि आदल्याच दिवशी दुरुस्त झाले होते. सगळे मी जुळवून आणले. मगदूमांना रात्री फोन करून सांगितले, "उद्या ठोकाठोकी नको. चेकलिस्टप्रमाणे बघा आणि निघा."

"व्हय, व्हय," म्हणाले.

सकाळी ते पत्नीला, सीताबाईंना, घेऊन आले. पहिल्या एकट्याच्या फेरीनंतर वैमानिकाच्या अंगावर बादलीभर पाणी ओततात, तो मान सीताबाईंचा होता. त्या माझ्या खोलीत बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यांच्या डोस्क्यात काय शिरलंय द्येव जाणे. पानी वतायचंच हुतं तर घरात नळ न्हवता व्हय?"

बाहेर मगदूमांची तपासणी सुरू झाली होती. मी खिडकीतून पाहत होतो. कुंचला फिरला. इंधन पाहून झाले. प्रोपेलर ठोकून झाला. कॅप्टन तेजस्वी घड्याळ पाहत, हाताची घडी घालून उभ्या होत्या. मगदूम शेपटीशी गेले, वाकले, आणि पेरांनी शेपटीच्या टोकाला दोनदा ठोकले.

आतून चिवचिवाट झाला.

त्यांनी पुन्हा ठोकले. पुन्हा चिवचिवाट, आता जास्त जोरात. आई आली असे पिल्लांना वाटत असणार.

मी धावत बाहेर गेलो. मेकॅनिक शाहबाज टॉर्च घेऊन आला. शेपटीच्या टोकाला सुकाणूच्या खाली पत्र्यात हाताचा पंजा जाईल एवढी फट असते. शाहबाजने टॉर्च मारला आणि म्हणाला, "तिच्यायला! साळुंकी हाय. घरटं केलंय आत. तीन पिल्लं दिसत्यात."

"काल विमान दिलंस तेव्हा पाहिलं नाहीस?" मी विचारले.

"साहेब, काल रेडिओ बघितला, इंजिन बघितलं. शेपटीत कोन राहाय आलंय का, असं कशाला बघीन मी?"

मी मगदूमांकडे वळलो. मला त्या क्षणी जे बोलायचे होते ते सगळे बोललो. हँगरच्या मागे वर्षभर दाणे कोणी टाकले? पाटी कोणासाठी होती? साळुंक्या काय माझ्या वेळापत्रकाला भुलून आल्या? मगदूम मान खाली घालून ऐकत होते. माझे संपल्यावर म्हणाले, "खरं हाय, गणपतराव. मीच बोलिवलंय त्यास्नी."

मला वाटले, माणसाला चूक कळली, आता काम पुढे सरकेल. मी शाहबाजला म्हणालो, "काढ ते घरटं आणि मोकळं कर."

"न्हाय," मगदूम म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"मी बोलिवल्यालं पावणं हायत. मीच कसं भाईर टाकू?"

कॅप्टन तेजस्वींनी डोळे मिटून घेतले. मग शांतपणे म्हणाल्या, "काका, त्या शेपटीतून सुकाणूच्या तारा जातात. एक काडी अडकली तर तुम्ही खाली येणार आणि पिल्लंही. ते घरटं निघाल्याशिवाय हे विमान उडणार नाही. आणि आज हे उडालं नाही, तर तुमची फेरी गेली. कळतंय ना?"

"कळतंय, मॅडम."

"मग?"

"काढा. पन टाकू नका. ठेवा कुठंतरी. साळुंकी आली, पिल्लांस्नी चारा घातला, की मी निगतो."

"आणि नाही आली तर?"

मगदूम कुंपणाकडे पाहू लागले. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी अजून खांबाला चिकटून लोंबत होती, म्हणजे वारा उठला नव्हता. मी ती पाहिली, घड्याळ पाहिले, आणि शाहबाजला इंजिन ऑइलचे रिकामे खोके आणायला सांगितले.

शाहबाजने शेपटीवरचा पत्र्याचा तुकडा स्क्रू काढून सोडवला. हातमोजे घालून घरटे अलगद बाहेर घेतले. काड्या, सुतळी, प्लॅस्टिकच्या चिंध्या, आणि माझ्या ओळखीची एक निळी पट्टी. आमच्याच अभ्यागत पासाची दोरी होती ती. तीन पिल्ले चोची आ करून बसली होती. खोके आडवे करून घरटे त्यात ठेवले, आणि खोके हँगरच्या मागच्या दाराशी लोखंडी कपाटावर बांधले, म्हणजे विमानाची शेपटी होती त्याच अंगाला. मग शाहबाज शेपटीत खांद्यापर्यंत हात घालून एकेक काडी बाहेर काढत बसला. तारा ओढून पाहिल्या, सुकाणू दोन्हीकडे फिरवून पाहिले, पत्रा परत बसवला, सही केली. कॅप्टन तेजस्वींनी सगळे पुन्हा स्वतः पाहिले.

साळुंकी कुंपणाच्या तारेवर बसली होती. चोचीत नाकतोडा. खोक्याकडे पाहत होती, आमच्याकडे पाहत होती, आणि येत नव्हती. मगदूम तिच्याकडे पाहत होते आणि जात नव्हते.

सीताबाई बादली घेऊन बाहेर आल्या होत्या. म्हणाल्या, "सासूबाई दवाखान्यात हुत्या तवा एक रात बसला न्हाईसा. म्हनं भट्टी चालू हाय. आनि हितं साळुंकीचं बाळातपन करताय!"

"तू गप गं. ती बिचकतीया."

"मी गप बसले तर तुमी हितंच ऱ्हाताल रातभर."

वाऱ्याची पिशवी हलली. कॅप्टन तेजस्वी म्हणाल्या, "काका, मी आणखी पंधरा मिनिटं देते. त्यानंतर तुम्हाला एकटं सोडणं माझ्या हातात नाही."

शाहबाज म्हणाला, "अवो, आपन सगळी हितं हुभी हाय म्हनून ती येत न्हाय. हला की हितनं!"

"आनि मांजर?" मगदूम म्हणाले.

हँगरमध्ये एक मांजर आहे. शाहबाजच तिला दूध घालतो. ती त्या वेळी कपाटाखाली, पुढचे पाय दुमडून, अगदी सज्जनपणे बसली होती.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला हे अजून पटलेले नाही. कॅप्टनला आधीच्या एका फेरीसाठी विमानात बसायचे होते, शाहबाजला विमान सुरू करताना अग्निशामक घेऊन जवळ उभे राहायचे होते, सीताबाईंच्या हातात बादली होती. पण म्हणून मी?

"गणपतराव, तुमी शबूद द्या," मगदूम म्हणाले. "तुमी हितं बसतो म्हनला की मी निगालो."

मी शब्द दिला. पिल्लांसाठी नव्हे. तो माणूस एकदाचा विमानात बसावा म्हणून.

पण तेवढ्याने संपले नाही. इथे इंजिन सुरू केले तर साळुंकी उडून जाईल, असे मगदूमांचे म्हणणे पडले. म्हणून आम्ही चौघांनी ते विमान हाताने ढकलत हँगरच्या पुढे, दूर नेले. कडक इस्त्रीचा सदरा घालून विमान ढकलायची वेळ माझ्यावर त्या दिवशीच आली. मग मी मागे येऊन शब्दाप्रमाणे स्टुलावर बसलो. पुढचे मोठे दार उघडे होते, त्यातून विमान अजून दिसत होते.

आत बसून मगदूमांनी पट्टे बांधले, ब्रेक दाबले, मुख्य स्विच टाकला. इंधनाचे मिश्रण वाढवणारी लाल मूठ आत ढकलली. मग खिडकीतून डोके काढून ओरडले, "क्लिअर प्रॉप!" म्हणजे प्रोपेलरजवळून बाजूला व्हा. जवळ कोणीच नव्हते. त्यांचे तेवढ्याने समाधान होत नसे. "सरका रंऽऽ!" असे ते नेहमी पुढे जोडत. तसे जोडले. कुंपणावरची साळुंकी उडाली. मी कपाळावर हात मारला.

प्रोपेलर गरगरला आणि थांबला. पुन्हा गरगरला, पुन्हा थांबला. मी स्टुलावरून सांगू शकत होतो काय झाले ते. मगदूमांनी तरुणपणी एक जुनी जीप वापरली होती. ती अ‍ॅक्सिलरेटर दणादण दाबल्याशिवाय सुरू होत नसे. तीच सवय त्यांच्या हातात होती. घाई झाली की ते विमानाची थ्रॉटलची मूठ पुढेमागे करत आणि इंजिनात नको इतके पेट्रोल ओतून ठेवत. वर्षभर सांगून झाले होते.

"काका, हात काढा! ही तुमची जीप नाही!" कॅप्टनचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"सवं हाय, मॅडम!"

"लाल मूठ बाहेर. थ्रॉटल पूर्ण पुढे, आणि तिथेच ठेवा. आता चावी."

विमान इतके दिवस उभे होते, बॅटरी उतरली होती. प्रोपेलर या वेळी जड, दमलेला फिरत होता. एक फेरा, दुसरा. मला वाटले, झाले, संपले. आता हा माणूस घरी जाणार, मी प्रमाणपत्राच्या रकान्यात रेघ मारणार. तेवढ्यात एक ठोका पडला, मग दुसरा, निळसर धूर निघाला, लाल मूठ आत गेली असावी, थ्रॉटल मागे आला असावा, आणि इंजिन एकदम सुरात लागले. शाहबाजने अग्निशामक खाली ठेवला. सीताबाईंनी कानांवर हात ठेवले आणि बादली सांडली.

विमान डावीकडे वळून दिसेनासे झाले. त्यापुढचे मला काही दिसले नाही, कारण धावपट्टी हँगरच्या पलीकडे आहे आणि मी शब्दाला बांधलेला. फक्त ऐकू येत होते. पहिल्यांदा दोघे गेले, फेरी मारून उतरले. मग इंजिनाचा आवाज मंद झाला, थांबला नाही. कॅप्टन उतरल्या असणार. वाऱ्याची पिशवी आता खांबापासून निघून अर्धी उचलली होती.

साळुंकी परत तारेवर आली होती, पण मी दिसतो म्हणून येत नव्हती. मांजर उठून कपाटाकडे निघाली. मी तिला हाकलले. ती पुन्हा आली. शेवटी मी तिला मानगुटीला धरून तेलाच्या पिंपामागे जाऊन उकिडवा बसलो. गुडघे कुरकुरत होते, मांजर गुरगुरत होती. तिकडे इंजिन पूर्ण जोरात गेले आणि आवाज वर वर चढत गेला. या वेळी तो हलका होता. एका माणसाचे वजन कमी झाले की तो तसा येतो, हे इतक्या वर्षांत मलाही कळते.

साळुंकी तारेवरून उठली, हँगरच्या दारावर बसली, मग खोक्याच्या काठावर. तीन चोची एकदम उघडल्या. नाकतोडा एकीत गेला.

मी तिथेच बसून राहिलो, कारण उठलो असतो तर ती उडाली असती. वर आवाज गोल फिरला, दूर गेला, परत जवळ आला, मंदावला. मग बराच वेळ काहीच नाही. मग चाकांचा चीत्कार, एकदा, आणि थोड्याने पुन्हा एकदा. टेकताना विमानाने उडी घेतली होती, पण मगदूम उतरले होते.

मी बाहेर गेलो तेव्हा मगदूम ओलेचिंब उभे होते. सीताबाईंनी दुसरी बादली भरली होती आणि सगळे पाणी एका दमात, वर्षभराच्या रागासकट ओतले असावे. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मगदूम तसेच ठिबकत माझ्याकडे आले आणि त्यांनी हँगरच्या मागच्या दाराकडे बोट दाखवले. 

"आली," मी म्हणालो. "चारा घातला."

त्यांनी माझा हात धरला आणि सदऱ्याची राहिलेली इस्त्रीही भिजवली.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी खरेच प्रमाणपत्र नाकारले. दुसरी फेरी त्यांना मिळाली नाही. मला वाटले, आता फळ्यावरचे वेळापत्रक सुखाने राहील. पण मगदूम अजून येतात, दर शनिवारी. मला प्रत्येक वेळी अभ्यागत पास करावा लागतो. जोंधळे तेवढे बंद झाले, हे मान्य करायला हवे. बाकी ते नव्या मुलांना तपासणी शिकवतात, म्हणजे ठोकायला शिकवतात, आणि आता मुलेही ठोकतात, आणि पहिले विमान उशिरा निघते.

तपासणी संपली की त्या फेरीची गोष्ट सांगतात. पहिल्या शनिवारी वारा थोडा आडवा होता. दिवाळीपर्यंत तो वादळ झाला होता. गेल्या आठवड्यात तर म्हणे पंख धावपट्टीला टेकायचा राहिला, समोर पंचगंगेवरून काळा ढग आला, आणि कॅप्टन तेजस्वी खाली उभ्या राहून देवाचे नाव घेत होत्या. मुले तोंड उघडे टाकून ऐकतात आणि मग माझ्याकडे पाहतात, खरे का, म्हणून. कॅप्टन तेजस्वी आता दुसऱ्या शहरात बदलून गेल्या आहेत. शाहबाज मान खाली घालून हसतो. आणि मला काही बोलता येत नाही. सगळी फेरी मी पिंपामागे मांजराची मान धरून बसलो होतो.